तबकडीवरचा आवाज अक्कांचा नव्हता : एका विसरलेल्या हिंदी गाण्याचा शोध

हे प्रकरण 2018 ते 2020 या काळातलं आहे. कुटुंबाच्या इच्छेनुसार माणसांची नावं, चित्रपटाचं नाव आणि गाण्याचे शब्द गाळले आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसं मांडलं आहे, आमच्या चुकांसकट. जुनी गाणी शोधणाऱ्यांची संख्या हल्ली वाढते आहे आणि ज्या वळणावर आम्ही चुकलो त्या वळणावर कुणीही चुकू शकतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

## पार्श्वभूमी

आम्ही पुण्यातले चौघं जण 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या रेकॉर्ड जमवतो. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर, मुंबईला गेलं की चोर बाजारात. कुणी घरातल्या जुन्या रेकॉर्ड आणून दिल्या तर त्या स्वच्छ करून संगणकावर उतरवून देतो. पैसे घेत नाही.

मे 2018 मध्ये साठी उलटलेले एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आले. कुटुंब मिरजेकडचं. वाडा पाडायचा होता. माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली एकच रेकॉर्ड सापडली होती. दहा इंची, काठापासून चार बोटं आत गेलेली केसासारखी चीर, आणि लेबलाचा एक कोपरा वाळवीनं खाल्लेला.

"आमच्या अक्काआत्यांनी एका हिंदी सिनेमात गाणं म्हटलं होतं, असं घरात दबक्या आवाजात बोललं जायचं," ते म्हणाले. "हीच ती असणार. नाहीतर आमच्या घरात रेकॉर्ड कशाला येईल? घरात ग्रामोफोन कधी नव्हताच."

अक्का म्हणजे त्यांच्या वडिलांची थोरली बहीण. गळा गोड, मिरजेतल्याच एका गुरुजींकडे चार वर्षं शिकलेल्या. 1947 च्या आगेमागे त्या गिरगावात मामांकडे राहायला गेल्या. मामांची कुणाशी तरी ओळख होती, त्यातून एका हिंदी चित्रपटाची दोन गाणी मिळाली. वडिलांच्या कानावर गेलं तेव्हा मुलगी घरी आणली गेली. वर्षभरात लग्न झालं. त्यानंतर अक्का चारचौघांत कधी गायल्या नाहीत. 1974 मध्ये त्या गेल्या.

त्या काळात ही गोष्ट अगदीच जगावेगळी नव्हती. प्रभात कोल्हापुरात 1929 मध्ये उभी राहिली आणि 1933 मध्ये पुण्याला आली. तिथे एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा जोडीनं निघे, 1937 चे 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' हे त्यातले सगळ्यांच्या ओळखीचे. मास्टर विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स कोल्हापुरातून मुंबईला गेली आणि तिच्याबरोबर लता मंगेशकरही. मराठी घरातल्या सुरेल मुलींना हिंदी चित्रपटाचं दार दिसत होतं. ज्या आत जाऊन टिकल्या त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. एकदोन गाणी म्हणून परत फिरलेल्या मुलींची मोजदाद कुणी ठेवली नाही, आणि माझ्या मते विसरलेल्या गाण्यांमधला सगळ्यात मोठा ऐवज त्यांचाच आहे.

## प्रश्न

लेबलावर चित्रपटाचं नाव होतं, क्रमांक होता, गाण्याची पहिली ओळ होती. गायिकेच्या जागी मात्र चित्रपटातल्या पात्राचं नाव. उलट बाजूला त्याच चित्रपटातलं एक युगुलगीत, त्यावर दोन ओळखीची नावं.

पात्राचं नाव छापण्याची ही रीत त्या वेळी सर्रास होती. 1949 च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवरही गायिका म्हणून 'कामिनी' असं छापलं होतं, कारण पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं नाव ते होतं. रेडिओकडे श्रोत्यांची चौकशी सुरू झाली तेव्हा लता मंगेशकरांचं नाव लोकांना कळलं. त्या गाण्याला श्रोते मिळाले म्हणून नाव मिळालं. आमच्या हातातला चित्रपट काही आठवड्यांत उतरला होता. त्यातल्या गाण्याबद्दल कुणी पत्र लिहिलं नाही.

हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी कानपूरला बसून वर्षानुवर्षं कष्ट करून जो 'हिंदी फिल्म गीत कोश' तयार केला, त्याच्या 1941 ते 1950 च्या खंडात चित्रपट सापडला. गाण्यांची यादी होती, आमच्या रेकॉर्डचा क्रमांकही जुळत होता. गायिकेची जागा रिकामी. हा कोश नसता तर आम्ही एक पाऊलही पुढे गेलो नसतो. आणि कोशाचा मोठेपणा यातही आहे, की जिथे माहिती नाही तिथे त्यांनी अंदाज भरलेला नाही.

म्हणजे प्रश्न एका ओळीचा होता. हे गाणं कुणी म्हटलं? कुटुंबाच्या दृष्टीनं तो प्रश्नच नव्हता. त्यांना फक्त ऐकायचं होतं.

## आमच्यापुढचे पर्याय

आता मागे वळून पाहताना चार वाटा स्पष्ट दिसतात. रेकॉर्ड उतरवून कुटुंबाला द्यावी आणि नावाबद्दल काही बोलू नये. किंवा जाणकार संग्राहकांना ऐकवून आवाज ओळखून घ्यावा. किंवा चित्रपटाची प्रत शोधावी. किंवा अक्कांना जवळून ऐकलेल्या माणसाला गाठावं.

चौथी वाट सगळ्यात सोपी होती. अक्कांची धाकटी बहीण हयात होती. सगळे तिला माई म्हणत. वय 81, स्मरण लख्ख, मुक्काम सांगलीला लेकीकडे. रेकॉर्ड घेऊन आलेल्या भाच्यांनी पहिल्या भेटीतच माईंचा उल्लेख केला होता. माझ्या वहीत तो आहे: "धाकटी बहीण, सांगली, त्या वेळी 10 वर्षांची, गिरगावात बरोबर होती." ही ओळ लिहिली आणि पान उलटलं. त्या दिवशी आमचं सगळं लक्ष त्या चिरेकडे होतं.

तिसरी वाट आम्ही तेव्हाच सोडून दिली, कारण त्या काळातले चित्रपट नायट्रेट फिल्मवर असत. ती पेट घेते, कुजते, आणि कित्येक प्रती चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये सुरू झालं, तोवर फार काही हातातून गेलेलं होतं. न चाललेल्या चित्रपटाची प्रत कुठून मिळणार, असं आम्ही गृहीत धरलं. न चाललेल्या चित्रपटाच्या प्रती कमी निघत हे खरं. पण त्या फिरत्या टॉकीजवाल्यांकडे स्वस्तात जात, हे लक्षात घ्यायला हवं होतं.

## पहिली फेरी

लाखेची रेकॉर्ड स्पिरिटनं कधीही पुसू नये, लाख विरघळते. आधी आणून दिलेल्या किती रेकॉर्ड कुणीतरी आपुलकीनं कोलनवॉटरनं पुसून घालवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. आम्ही डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश वापरतो. लेबलावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. सुई 78 साठीची, म्हणजे साधारण 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाला घासत जाते आणि नुसती खरखर मिळते.

चिरेमुळे प्रत्येक फेऱ्याला 'टक्' असा आवाज येत होता. मिनिटाला 78 वेळा. ते 'टक्' आवाज एकेक करून हातानं काढले, त्याला तीन रात्री लागल्या. तिथवर काम चोख झालं.

त्यानंतर आम्ही खरखर कमी करणारं सॉफ्टवेअर लावलं आणि हात सैल सोडला. कुटुंबाला ऐकायला गोड लागावं ही इच्छा होती. खरखरीचा पट्टा आणि 'च', 'स', 'श' या वर्णांचा पट्टा जवळजवळ एकच असतो. खरखर गेली, पण तिच्याबरोबर श्वास गेला, ओठांचा आवाज गेला, वर्णांच्या कडा बोथट झाल्या. उरला तो एक मऊ, गोल, कुणाचाही वाटेल असा बायकी आवाज. आपल्या माणसाचा म्हणून ऐकायला बसलं तर आपल्या माणसाचाच वाटेल असा.

दोन जुन्या संग्राहकांना आम्ही तीच फाइल पाठवली. एकानं एका नामवंत पार्श्वगायिकेचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं ते खोडून काढलं. या मतभेदातून आम्ही काढलेला निष्कर्ष असा: ओळखीचा आवाज नाही, म्हणजे अनोळखी मुलीचा आहे, म्हणजे अक्कांचा असू शकतो. आज ही साखळी लिहिताना तिच्यातली प्रत्येक कडी कच्ची दिसते. तेव्हा ती पक्की वाटत होती, कारण आम्हालाही तसंच असावंसं वाटत होतं.

गौरी-गणपतीला ते कुटुंब दरवर्षी एकत्र जमतं. भाच्यांनी आग्रहानं बोलावलं. गौरी जेवल्या, पानं उठली, आणि दुपारी तीनच्या सुमारास पडवीत स्पीकर लावून गाणं ऐकवलं. तीसेक माणसं होती. अक्कांच्या मुलीनं पदर डोळ्यांना लावला. एका नातवानं फोनवर सगळं टिपून घेतलं. माई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. गाणं संपल्यावर उठून आत गेल्या. सगळे म्हणाले, भरून आलं असेल. मीही तेच समजलो.

पुढच्या महिन्यात गावातल्या एका स्मरणिकेत भाच्यांचा लेख आला, अक्कांच्या फोटोसह. त्यात आमच्या गटाचा हवाला होता: "पुण्यातील जाणकारांनी खात्री केल्याप्रमाणे." आम्ही खात्री केली नव्हती. नाही असंही म्हटलं नव्हतं.

## माईंचा फोन

दिवाळीनंतर एका सकाळी माईंच्या लेकीचा फोन आला. आईला तुमच्याशी बोलायचं आहे, म्हणाली.

माई म्हणाल्या, "तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, मला सांगायला अवघड वाटतंय. पण तो अक्काचा आवाज नाही. मला फार आधीपासून माहीत आहे."

मी विचारलं, कधीपासून?

"रेडिओ सिलोनवर एकदा लागलं होतं. सकाळी जुनी गाणी लावायचे ना, साडेसातला. मी वर्षानुवर्षं ऐकत होते, कधीतरी लागेल म्हणून. लागलं, आणि पहिल्याच ओळीला कळलं. मला वाटलं, चाल तीच, शब्द तेच, मग आपलीच काही चूक असेल. अक्काला विचारलं. ती म्हणाली, रेकॉर्डवर दुसरीच आहे. मी फक्त सिनेमात."

मग घरच्या सगळ्यांना का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "बाबांच्या वेळी हा विषय काढायची सोय नव्हती. पुढे कुणी विचारलंच नाही. आणि त्या दिवशी पडवीत तिची लेक रडत होती. तेव्हा कशी बोलू?"

मग ती रेकॉर्ड अक्कांनी जपून का ठेवली, असं मी विचारलं. मामांनी लग्नात दिलेली होती, माई म्हणाल्या. "त्यावर दुसरीचं नाव कुठंय? नाव पात्राचं आहे. ते पात्र तिनंच गायलं ना सिनेमात."

फोन ठेवल्यावर मी वही काढली आणि मे महिन्यातली ती ओळ वाचली. आम्ही तबकडीला आधी विचारलं, माणसाला नंतर. तेही माणसानं आपण होऊन फोन केला म्हणून.

## रेकॉर्डवर दुसरी का?

माईंचं म्हणणं पटण्याजोगं होतं आणि त्याला त्या काळच्या तंत्राचा आधार होता. आपल्याकडे स्टुडिओंत टेप रुळण्याआधी चित्रपटातला आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीवर उतरत असे आणि रेकॉर्ड कंपनी तेच गाणं आपल्या स्टुडिओत वेगळं ध्वनिमुद्रित करी. एकच गाणं दोनदा म्हणावं लागे. दुसऱ्या वेळी मूळ गायिका आली नाही, तिचा दुसऱ्या कंपनीशी करार असला किंवा कंपनीला आपल्याच करारातला आवाज हवा असला, तर रेकॉर्डवर वेगळीच गायिका येई. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच बसत, म्हणून एखादा अंतरा गळे. रेकॉर्ड ही चित्रपटातल्या गाण्याची प्रत असते, असं आपण आजच्या सवयीनं धरून चालतो. 1950 च्या आधीच्या गाण्यांबाबत ते धरता येत नाही.

हे आम्हाला माहीत होतं. आमच्यातला एक जण तर या विषयावर भाषण देतो. माहीत असून या रेकॉर्डला ते लावून पाहावं असं चौघांपैकी एकालाही सुचलं नाही.

## दुसरी फेरी

आता चित्रपटाची प्रत शोधणं भाग होतं. पाच महिने विचारपूस केल्यावर विदर्भातल्या एका गृहस्थांकडे धागा लागला. त्यांच्या वडिलांची फिरती टॉकीज होती. गोडाऊनमध्ये 16 मिलिमीटरचे डबे होते, त्यातल्या दोन डब्यांवर आमच्या चित्रपटाचं नाव. बाकीचे भाग गेलेले.

डबा उघडला तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट भपकारा आला. सेफ्टी फिल्म, म्हणजे नायट्रेटसारखी सहज पेट न घेणारी फिल्म, खराब होऊ लागली की हा वास येतो आणि फिल्म आकसते. मालकांचा उत्साह दांडगा, प्रोजेक्टर जागेवरच होता, म्हणाले आत्ता लावून पाहू. हा निर्णयाचा क्षण होता आणि या वेळी आम्ही बरोबर वागलो. आकसलेल्या फिल्मची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांत नीट बसत नाहीत, एका फेरीत ती फाटू शकते. सगळ्यांना ऐकण्याची घाई असताना नाही म्हणणं जड गेलं. त्यांना आधीच्या स्मरणिकेची हकीकत सांगितली तेव्हा ते थांबले. मुंबईत फिल्म न चालवता स्कॅन करून घेतली. खर्च कुटुंबानं आणि आम्ही निम्मा-निम्मा उचलला.

पहिल्या भागाच्या शेवटी ते गाणं सुरू होतं आणि 1 मिनिट 40 सेकंदांनी भाग संपतो. ध्रुवपद, मग एक अंतरा, मग पांढरा पडदा. आवाज वेगळा आहे. रेकॉर्डवरच्या गायिकेपेक्षा कोवळा, थोडा सानुनासिक, सूर मात्र पक्का. आम्ही दोन्ही एकापाठोपाठ ऐकलं. कुणालाही शंका उरली नाही की या दोन वेगळ्या बायका आहेत.

इतकं सिद्ध झालं. दुसरी बाई अक्काच, हे अजून झालं नव्हतं.

या वेळी आम्ही ठरवलं की माईंना काही सुचवायचं नाही. चार तुकडे तयार केले: रेकॉर्डवरची गायिका, त्याच काळातल्या दोन वेगळ्या गायिका, आणि चित्रपटातला आवाज. कुठला काय ते न सांगता सांगलीला जाऊन ऐकवले. पहिल्या तिन्हींना माईंनी मान हलवली. चौथा लागला आणि 'चाँद' या शब्दापाशी त्यांनी हात वर केला.

"थांबवा. हा 'चाँद' ऐकलात? मास्तर तिला पुनःपुन्हा सांगायचे, 'चमच्या'तला च नको, 'चहा'तला हवा. तिला जमायचाच नाही. आपल्या चांदोबाचा च यायचा."

आम्ही परत ऐकलं. खरंच होतं. मराठीत 'चमचा' आणि 'चहा' यांतले दोन च वेगळे आहेत. हिंदीत पहिला नाही. रेकॉर्डवरच्या गायिकेचा 'चाँद' स्वच्छ हिंदी आहे. फिल्मवरच्या मुलीचा 'चाँद' चांदोबाच्या कुळातला आहे. सत्तर वर्षांपूर्वी मास्तरांना खटकलेला तो एक वर्ण आता पुरावा म्हणून समोर आला होता. आणि पहिल्या फेरीत सॉफ्टवेअरनं आम्ही नेमक्या याच वर्णांच्या कडा घासून टाकल्या होत्या.

परतीच्या गाडीत आमच्यातल्या सगळ्यात तरुण सहकारिणीनं मुद्दा काढला. तीन तुकडे रेकॉर्डवरचे होते, मागे सुईची खरखर. चौथा फिल्मवरचा, मागे वेगळीच घरघर. माईंना गाणं सुरू होण्याआधीच कळलं असणार की हा वेगळा आहे. म्हणजे परीक्षा निखळ नव्हती. शिवाय 16 मिलिमीटरच्या आवाजात वरचे सूर फारसे उतरत नाहीत, त्यामुळे एका वर्णावर सगळा भार टाकता येणार नाही. आणि त्या वेळी हिंदीत गाणारी, चांदोबाचा च असलेली मराठी मुलगी एकटी अक्काच होती असं थोडंच आहे? तिचं म्हणणं बरोबर होतं आणि ते ऐकून मला वाईट वाटलं, कारण त्या क्षणी मला फार खात्री वाटत होती.

## नावाचा निर्णय

भाच्यांना ठाम वाक्य हवं होतं. स्मरणिकेतली चूक त्यांनी मोठ्या मनानं मान्य केली, पुढच्या अंकात दुरुस्ती छापून घेतली. पण दुरुस्तीत "चित्रपटातील आवाज आमच्या आत्यांचाच" असं लिहायची त्यांची इच्छा होती. आमच्यात दोन तट पडले. एका सहकाऱ्याचं म्हणणं, प्रत्यक्ष बरोबर राहिलेली बहीण सांगते आहे, याहून मोठा पुरावा कुठला? ज्या मुलींचं नाव कधी छापलंच गेलं नाही, त्यांच्यासाठी छापील पुरावा मागणं हा दुसऱ्यांदा अन्याय आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि आजही त्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही.

शेवटी आम्ही माहिती दोन भागांत लिहिली. रेकॉर्डवरची गायिका: अज्ञात, चित्रपटातील गायिकेहून वेगळी. चित्रपटातील गायिका: धाकट्या बहिणीच्या साक्षीनुसार अमुक, अन्य दुजोरा नाही. भाचे आधी नाराज झाले. माईंनी त्यांची समजूत घातली. "बहिणीच्या साक्षीनुसार म्हणजे माझ्या साक्षीनुसार ना? मग लिहू देत."

गाणं सगळ्यांना खुलं करावं का, हाही प्रश्न आला. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, ती मुदत संपलेली आहे. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र त्या-त्या कर्त्याच्या निधनानंतर 60 वर्षं राहतो, आणि या गाण्याचे संगीतकार पुढे बरीच वर्षं जगले. म्हणून ते आम्ही बैठकीत ऐकवतो, इंटरनेटवर टाकलेलं नाही.

## आज हे काम आलं तर

रेकॉर्डला हात लावण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाकडे जाऊ. एकटं गाठून, काहीही न ऐकवता, त्यांना जे आठवतं ते आठवेल त्या क्रमानं बोलू देऊ आणि ध्वनिमुद्रित करू. "हे अमक्याचं ना?" हा प्रश्न तोंडातून जाऊ देणार नाही. आता आम्ही असंच करतो, आणि दोनदा तर रेकॉर्ड वाजवण्याआधीच निम्मं उत्तर हाती आलं आहे.

उतरवलेली फाइल दोन प्रकारे देऊ: एक जशीच्या तशी खरखरीसकट, एक ऐकायला सुकर केलेली. आवाज ओळखण्यासाठी फक्त पहिली. पहिलं ऐकणं समारंभात करणार नाही, कारण तीस माणसांसमोर कुणाला नाही म्हणता येत नाही. आवाजांची परीक्षा घ्यायची तर सगळे तुकडे एकाच माध्यमातले घेऊ. माईंच्या वेळी त्याच काळातल्या चित्रपटांच्या फिल्मवरचे दोन-तीन आवाज मिळवणं अशक्य नव्हतं. घाई केली.

## निष्पत्ती

जानेवारी 2020 मध्ये जुन्या बाजारात आमच्यातल्या एकाला या चित्रपटाची गाण्यांची चोपडी मिळाली. थिएटरबाहेर विकली जायची तसली, आठ पानांची, स्टेपलचा गंज कागदात उतरलेला. गायकांची नावं तीत नाहीत. शब्द मात्र पूर्ण आहेत, आणि गाण्याला दोन नव्हे तर तीन अंतरे आहेत. रेकॉर्डवर पहिला आणि तिसरा. फिल्म पहिल्यानंतर तुटते. मधला कुठेच नाही.

ती पानं घेऊन सांगलीला गेलो. माईंनी चष्मा लावून वाचली आणि दुसऱ्या अंतऱ्यापाशी गुणगुणायला लागल्या. चाल वेगळी होती, पहिल्या अंतऱ्यापेक्षा वरच्या सुरातून उतरणारी. गिरगावात मामांच्या खोलीत अक्का रोज संध्याकाळी तालीम करायच्या आणि माई बाजूला पाटी घेऊन बसलेल्या असायच्या. तेव्हा कानावर पडलेलं.

"म्हणून दाखवता का माई पूर्ण? रेकॉर्ड करतो."

"आता आवाज कुठे राहिलाय," म्हणाल्या, पण लेकीला पंखा बंद करायला सांगितला. पहिल्या वेळी शेजारच्या कुकरची शिट्टी आली, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाल्या. श्वास दोन ठिकाणी तुटला आहे, चाल नाही. 52 सेकंद.

या गाण्याच्या आता आमच्याकडे तीन फाइली आहेत. तिसरीच्या माहितीत गायिकेचं नाव काय लिहू, असं मी माईंना विचारलं. त्यांनी स्वतःचं माहेरचं नाव सांगितलं आणि स्पेलिंग दोनदा तपासून घेतलं.